बिजागरची वाकलेली मान

कपाशीच्या क्रॉसिंगचे दिवस आले की माझा उजवा अंगठा ठणकायला लागतो. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणतील वय झालं, कॅल्शियम घ्या, म्हणून मी दाखवत नाही. माझ्या अंगठ्याचं मला ठाऊक आहे. शाळेत असताना तीन सीझन या अंगठ्याच्या नखानं मी इतक्या कळ्या सोलल्या की तेव्हापासून दर भादव्यात तो न चुकता हजेरी लावतो. पंचवीस वर्षं जालन्यात चित्रकला शिकवते आहे, हातात खडू नाहीतर ब्रश, दुसरं काही नाही, तरी त्याची सवय सुटत नाही.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या टेंभुर्णीकडं बियाण्याची कपाशी करतात. नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, नखानं तिच्या पाकळ्या आणि आतले पिवळे पुंकेसर काढून टाकायचे, मधली काडी तेवढी ठेवायची आणि तिच्यावर बोटाएवढी लाल कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल तोडून आणायचं, लाल पिशवी काढून ते त्या काडीवर घासायचं आणि वर पांढरी घालायची. लाल म्हणजे काम बाकी, पांढरी म्हणजे झालं. रोज संध्याकाळी शेत लाल ठिपक्यांनी भरायचं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत पांढरं व्हायचं. नखात हिरवा चीक साचायचा, तो कितीही धुतला तरी जायचा नाही, भाकरीचा पहिला घास कडू लागायचा. आता पिशव्या गेल्या, सकाळच्या कामानंतर नुसता दोरा बांधतात. मला दोरा आवडत नाही. दोऱ्यावर चित्र काढता येत नाही.

कारण ती पांढरी पिशवी बटर पेपरची असायची. उसवून सपाट केली की चित्रावर ठेवून खालची रेष न रेष दिसायची. जगात दुसऱ्या कुठल्या पोरांनी फुलांच्या पिशव्यांवर रोबोट छापले असतील असं मला वाटत नाही. आम्ही छापले. मी आणि माझी चुलतबहीण मंगल.

आमच्या गावात किराण्याचं एक दुकान होतं. दुकानदार काका मूळचे राजस्थानचे, पण बोलणं आमच्यापेक्षा पक्कं टेंभुर्णीचं. पुड्या बांधायला ते जालन्याहून रद्दी आणायचे, आणि त्या रद्दीत एकदा ‘यंत्रमानव बिजागर’ नावाची पातळ पुस्तकं आली. काका एका वेळी एकच पुस्तक द्यायचे. अट अशी की सोमवारच्या आत घडी न मोडता परत आलं पाहिजे, कारण सोमवारी त्याच्या पुड्या व्हायच्या. शनिवार-रविवार जो बिजागर आमच्या घरी जग वाचवायचा तो सोमवारी छातीत जिरं बांधून कुणाच्या तरी घरी जायचा. एकही अंक आमच्याकडं राहिला नाही. म्हणून तर पिशव्यांवर छापायची एवढी घाई.

बिजागर हा एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं भंगारातून घडवलेला रोबोट. छातीवर पत्रा जोडणाऱ्या तेरा रिबिटा, हात म्हणजे दोन पकडी, डोळे म्हणजे दोन भोकं, तोंडच नाही. शास्त्रज्ञाची नात रेणू त्याची लाडकी. त्याच्या मागून केलेला, त्याच्याहून चकचकीत, शहाणा असा एक ‘नऊ नंबर’ होता, तो दर अंकात बिघडायचा आणि बिजागर त्याला सुधारायचा. छपाई अशी की लाल रंग कधीच रेषेच्या आत बसायचा नाही, रेणूचे गाल तिच्या कानावर असायचे. चित्रकाराचं नाव कुठंच नाही. आत एका कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘चित्रे – स्टुडिओ’ एवढंच.

त्या नाव नसलेल्या माणसाचा मी चाळीस वर्षं हेवा केला. कौतुक नव्हे, हेवा. एका चित्रापायी. रेणू शिकायला परगावी निघाली आहे, गाडी गेली आहे, आणि बिजागर दारात उभा आहे. डावा खांदा जरासा खाली, मान डावीकडं कललेली. बस. तोंड नाही, डोळ्यांच्या जागी भोकं, अश्रू नाही, तरी तो पत्र्याचा डबा रडतोय हे आंधळ्यालासुद्धा कळावं. दर वर्षी आठवीच्या वर्गात मी ते चित्र फळ्यावर काढते आणि मुलांना सांगते, बघा, मान एवढीशी वाकवली की लोखंडाचा माणूस होतो. मुलं वा म्हणतात. मी खडू ठेवते, हात झटकते आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. मी घाट काढले, मंदिरं काढली, लोकांच्या लग्नात भेट म्हणून फ्रेम करून दिलेले सूर्यास्त तर किती काढले. पण असली एक मान माझ्या हातून कधी उतरली नाही. तो कोण कुठला स्टुडिओवाला पोटासाठी पानं रंगवत बसला असेल आणि त्याला हे सहज सुचावं, याचा मला खरोखर राग यायचा.

या शिक्षकदिनाला अस्लम आला. माझा जुना विद्यार्थी, आता एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला आहे. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा. जुन्या जालन्यात एका भंगारवाल्याकडं त्याला ‘बिजागर’चे अठरा अंक मिळाले होते, एक ते अठरा, सगळेच्या सगळे. पहिल्या मिनिटाला मला आनंद झाला आणि दुसऱ्या मिनिटाला वाटलं, हे मला का नाही सापडले. मग तो डोकं खाजवत म्हणाला, “मॅडम, तुम्ही फळ्यावर काढायच्या ते चित्र मला कुठं दिसलं न्हाई. दोनदा पाह्यलं.” मी हसले. म्हटलं, तू नीट बघितलं नसशील, सहाव्या नाहीतर सातव्या अंकात आहे. मनात म्हटलं, रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्याला काय दिसणार. असं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

तो गेल्यावर मी चष्मा पुसला आणि बसले.

आधी गंमत वाटली. लाल रंग अजून रेषेबाहेरच होता. पुस्तकाला पुठ्ठ्याचा नि रॉकेलचा मिसळलेला वास होता, काकांच्या दुकानात यायचा अगदी तसा. मग मी चित्रकलेच्या बाईच्या नजरेनं बघायला लागले आणि गंमत कमी होत गेली. रेघ जाड, सगळीकडं सारखीच. सावल्या कुठूनही पडलेल्या, दिवा डावीकडं आणि सावली पण डावीकडंच. नऊ नंबरच्या चेहऱ्यावर निदान भुवया होत्या, रागावला की तिरप्या व्हायच्या. बिजागर मात्र पहिल्या अंकापासून खांबासारखा ताठ. पळताना ताठ, पडताना ताठ, पाण्यात बुडतानाही ताठ. रेणू परगावी जाते ते सातव्या अंकात सापडलं, शेवटून दुसऱ्या पानावर. गाडी होती, धूळ होती, दारात बिजागर होता. त्याचे दोन्ही खांदे एका रेषेत, मान सरळ. वर चौकटीत लिहिलं होतं, ‘बिजागरला फार वाईट वाटले.’

मी अठराही अंक तीनदा चाळले. मग अंकांचा गठ्ठा उपडा ठेवला. वाकलेली मान त्या पुस्तकात नव्हती. कधीच नव्हती. आणि ती कुठं होती ते मला हळूहळू आठवायला लागलं.

ते वर्ष सातवीचं. रविवारची सकाळ, आमच्या दोघींच्या ओळी शेजारीशेजारी. काम आटोपल्यावर बांधावर बसून मी माझी पिशवी अंकावर ठेवून छापत होते, तेराच्या तेरा रिबिटा मोजून. पुस्तक नेहमी माझ्याच हातात असायचं, कारण वाचता मला चांगलं यायचं. मंगलला जोडाक्षरं अडायची. चित्रांच्या फुग्यातलं बोलणं मीच तिला वाचून दाखवायची आणि मला वाटेल तेव्हा पान उलटायची. कधीकधी अख्खा अंक एकटीच वाचून परत करायची, तिला दाखवायचीच नाही. एवढी मी कंजूष. त्या दिवशी तिच्याकडं पुस्तक नव्हतं म्हणून तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि पेन्सिलीनं काहीतरी केलं, जेमतेम भाकरी खाऊन होईल एवढ्या वेळात. आणि मला दाखवलं. रिबिटा चारच होत्या. पकडी वेड्यावाकड्या. पण दारात उभ्या त्या बिजागरची मान वाकली होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरा शब्द नाही. ती माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान, अभ्यासात ढ, गणितात नापास, आणि हिला हे यावं. मी म्हटलं, रिबिटा तेरा असतात, एवढं पण माहीत नाही का. ती बिचारी मोजायला लागली.

पंधरा दिवसांनी शाळेत चित्रकलेची स्पर्धा होती, विषय ‘माझा आवडता मित्र’. एक चित्र जालन्याला पुढच्या फेरीसाठी जाणार होतं. सरांनी बजावलं होतं की छापलेलं चित्र चालणार नाही. मी कंपासपेटीत घडी करून पिशवी नेली. मागून पेन्सिल घासलेली, कागदावर ठेवून गिरवलं की खाली बिजागर उमटणार. तेरा रिबिटांसकट उमटला. मंगलनं तिचा तो वाकलेला काढला. सर बाकांमधून फिरताना तिच्यापाशी थांबले आणि बराच वेळ थांबले. ते थांबणं मला आजही आठवतं. शेवटी म्हणाले, हे तू मनानं काढलंस का कुठून छापलंस. मंगल काहीच बोलली नाही, कुणी मोठ्या माणसानं विचारलं की तिची दातखीळ बसायची. तेव्हा मी उभी राहिले. अख्ख्या वर्गासमोर म्हणाले, छापलंय सर, पुस्तकात असंच आहे, मी पाहिलंय. सरांनी पुस्तक मागितलं. मी म्हटलं त्याच्या पुड्या झाल्या. ते तर खरंच होतं.

जालन्याला माझं चित्र गेलं. मग सरांनी माझ्याकडं लक्ष दिलं, मग ग्रेडच्या परीक्षा, मग डिप्लोमा, मग ही नोकरी. मंगलनं दहावीही केली नाही. खोट्याचं पुढं काय झालं ते मात्र चमत्कारिक आहे. पुस्तकात असंच आहे, पुस्तकात असंच आहे असं मी इतक्यांदा सांगितलं, आईला, मैत्रिणींना, नंतर वर्गाला, की मला ते पुस्तकात दिसायलाच लागलं. लाल रंग रेषेबाहेर गेलेला, पान डावीकडचं, सगळं. मंगलचा हेवा करायला लागू नये म्हणून मी एक स्टुडिओवाला जन्माला घातला आणि चाळीस वर्षं त्याच्यावर जळत राहिले. तो परका होता, त्याच्यावर जळण्यात कमीपणा नव्हता.

दोन दिवस मी काही केलं नाही. गप्प बसणं अगदी सोपं होतं. अस्लमला सांगितलं असतं की माझाच गोंधळ झाला, अंक माळ्यावर गेले असते, आणि आठवीच्या वर्गात मान वाकतच राहिली असती. खरं म्हणजे मला ती मान द्यायची नव्हती. माझ्याकडं असलेलं ते सगळ्यात चांगलं चित्र होतं. पण एकदा कळल्यावर फळ्यापुढं उभं राहवेना. तिसऱ्या दिवशी वर्गात खडू उचलला आणि उगाच तारीख लिहून ठेवला.

रविवारी सकाळची बस धरून टेंभुर्णीला गेले. मंगल गावातच दिली, तिचं स्वतःचं रान आहे, दर वर्षी बियाण्याचा प्लॉट करते. सकाळची वेळ म्हणजे सगळ्या बाया ओळीत, नराच्या फुलांची टोपली मधे, कमरेला दोऱ्यांचे गुच्छ. कपाशी छातीएवढी झाली होती, दवानं माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. मंगलनं मला पाहिलं आणि काम न थांबवता विचारलं, आज शाळा न्हाई का. मी म्हटलं रविवार आहे. ती म्हणाली, आम्हाला कुठला आलाय रविवार.

मी पर्समधून सातवा अंक काढला आणि ते पान तिच्यापुढं धरलं. तिनं हात पदराला पुसले, पुस्तक लांब धरून बघितलं, ओळखलं आणि हसली. बाई बाई, बिजागर. मग मी सांगितलं. पाठ करून आले होते तरी सगळं उलटसुलट झालं. कंपासपेटी, पुड्या, सर, फळा, स्टुडिओवाला. ती ऐकत होती आणि तिचं बोट त्या ताठ मानेवरून खालीवर फिरत होतं. मला वाटलं होतं ती चिडेल, नाहीतर जाऊ दे म्हणेल. दोन्हीची तयारी करून आले होते.

ती म्हणाली, “म्हंजे यात न्हाईच ते?”

मी म्हटलं, नाही. अठराही अंकांत नाही.

“मला वाटायचं असंन. तू म्हणली ना, मी पाह्यलंय म्हणून. तू वाचणारी. म्हणलं आपुन कधीतरी पाह्यलं असंन, ध्यानात न्हाई, अन् हातानं चोरलं.” मग ती म्हणाली, “मंग मी चित्र काढणंच सोडून देल्तं. म्हणलं आपल्याला नुसतं चोरता येतं.”

आता माझी दातखीळ बसली. मला आतापर्यंत वाटत होतं की मी तिच्याबद्दल जगाशी खोटं बोलले. ते खोटं तिनंही खरं मानलं असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पुढच्या ओळीतल्या बाया हात चालवत होत्या, पण कान इकडंच होते. मी म्हटलं, मंगे, चुकलं माझं.  तिनं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “तवा सगळ्यांपुढं बोलली व्हतीस. आता बी सगळ्यांपुढं बोल.”

तिथं सहा-सात बाया होत्या. मी शाळेतली बाई, इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. त्यांच्याकडं वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, की मंगलनं लहानपणी एक चित्र काढलं होतं, ते तिनं स्वतःच्या मनानं काढलं होतं, छापलं नव्हतं. छापलं होतं ते मी. आणि खोटं बोलले तेही मीच. माझा आवाज वर्गात चढतो तेवढा चढलासुद्धा नाही.

कुणाला काही फार वाटलं नाही. एका म्हातारीनं विचारलं, कशाचं चित्र म्हणे. मंगल म्हणाली, लोखंडी माणसाचं. म्हातारीला कळेना, लोखंडाच्या माणसाचं चित्र ते काय. मग मंगल ओळीतून बाहेर बांधावर आली. म्हणाली, असा उभा व्हता बघा. आणि तिनं डावा खांदा खाली सोडला, मान डावीकडं कलवली आणि तशीच राहिली. पन्नाशीची बाई, डोक्याला उन्हाचा रुमाल, कमरेला दोरे. एका क्षणात तिथं बिजागर उभा होता. माझ्या फळ्यावर तो पंचवीस वर्षांत एकदाही असा आला नव्हता.

म्हातारी हसायला लागली. “हा कशाचा लोखंडाचा,” ती म्हणाली, “ह्या तर आपुनच की.”

मी त्यांच्याकडं बघितलं. सगळ्या जणी डाव्या हातानं फांदी खाली ओढून, डावा खांदा सोडून, मान त्याच बाजूला कलवून फुलात बघत होत्या. दुसऱ्या तऱ्हेनं उभं राहून ते काम होतच नाही. रोजच्या रोज, ओळीच्या ओळी, अशाच वाकलेल्या माना. मंगलनं ती मान आकाशातून आणलेली नव्हती, पुस्तकातून तर नाहीच. तिनं शेजारच्या ओळीत बघितलं होतं. तिच्या शेजारच्या ओळीत तेव्हा मीच असायचे.

मंगल पुन्हा कामाला लागली होती. ऊन चढत होतं, नराची फुलं कोमेजायच्या आत उरकायचं होतं. माझ्याकडं न बघताच म्हणाली, उभी काय राह्यलीस, ती ओळ धर. पर्स बांधावर ठेवली, पुस्तक पर्सखाली ठेवलं. टोपलीतून फूल घेतलं, डाव्या हातानं फांदी धरली, अंगठा दुखत होता तो दुखू दिला. आणि मान आपोआप डावीकडं गेली. तेव्हाही अशीच जात असणार. सगळा वेळ ती माझ्याच खांद्यावर होती, आणि दिसली मंगलला.